तिसऱ्या रांगेतलं विरजण

माणसाचं हृदय एकट्याने धडधडत नाही, ते समूहाबरोबर धडधडतं, हे ज्या संध्याकाळी निर्विवादपणे सिद्ध झालं, त्या संध्याकाळी मानवी संस्कृतीच्या इतिहासात एका नव्या पर्वाचा आरंभ झाला. हा आरंभ नाशकात, गंगापूर रोडवरच्या एका वातानुकूलित सभागृहात झाला, आणि त्या वेळी पर्वाचे नायक कैलास कापडणीस तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर झोपले होते.

व्याख्यानाचा विषय 'विश्वशांती आणि आपण' असा होता. त्यामुळे झोपेबद्दल त्यांना कुणी दोष दिला नाही.

कापडणीस जलसंपदा खात्यात आरेखक होते. पूर्वी ते कालव्यांचे नकाशे काढायचे. आता नकाशे संगणक काढायचा आणि कापडणीस त्याखाली सही करायचे. कलेची, साहित्याची वगैरे आवड त्यांना कधीच नव्हती. संस्कृतीशी त्यांचा संबंध आला तो घराच्या रचनेमुळे. इंदिरानगरच्या त्यांच्या फ्लॅटला बाहेरची खोली एकच, आणि त्या खोलीत त्यांच्या पत्नी ज्योत्स्ना रोज संध्याकाळी गाण्याचे क्लास घ्यायच्या. मुलांच्या तीन तुकड्या एकापाठोपाठ एक येऊन अलंकार घोकायच्या. नवऱ्याने बसायचं कुठे? स्वयंपाकघरात बसलं की हातात गवारीच्या शेंगा यायच्या. बेडरूममध्ये बसलं की भिंतीतून 'सा रे ग, रे ग म' यायचं, तेही बेसूर. शहरात मात्र रोज कुठे ना कुठे फुकट कार्यक्रम असायचाच. पंखा, खुर्ची आणि नशीब असेल तर कॉफी. गेली वीसेक वर्षं कापडणीस प्रकाशन समारंभांत, काव्यवाचनांत, परिसंवादांत आणि सत्कारांत बसत आले होते. त्यांतलं काय आठवतं असं कुणी विचारलं असतं, तर त्यांना खुर्च्या आठवल्या असत्या.

त्या सभागृहाच्या खुर्च्या नव्या होत्या. एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या डॉ. सानिका वाघचौरे यांनी प्रत्येक खुर्चीच्या पाठीत पापडाएवढी एक चकती बसवली होती. ही चकती सूक्ष्मलहरी सोडते. त्या लहरी बसणाऱ्याच्या छातीवर आपटून परत येतात. श्वासाने छाती हलते आणि हृदयाच्या ठोक्यानेही हलते, अगदी केसाच्या जाडीइतकी. तेवढं हलणं चकतीला पुरतं. माणसाच्या अंगाला काहीही न चिकटवता तो किती वेगाने श्वास घेतोय आणि त्याचं काळीज कसं चाललंय, हे मागच्या खोलीतल्या पडद्यावर दिसतं.

आता, एकाच गोष्टीत गुंगलेल्या माणसांचे श्वास आणि ठोके हळूहळू एकमेकांशी जुळत जातात, हे शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं. एकाच फळीवर टांगलेली दोन लंबकाची घड्याळं काही वेळाने एका लयीत हलायला लागतात, तसंच. घड्याळांना मध्ये फळी लागते. माणसांना शेजारच्याचा हलणारा खांदा आणि ऐकू येईल न येईल असा श्वास पुरतो. सानिकाबाई हे जुळणं मोजत होत्या. त्यांनी त्याला शून्य ते शंभर असा आकडा दिला आणि त्याचं नाव ठेवलं एकतानांक. चांगल्या मैफलीला पन्नासच्या आसपास यायचा. अध्यक्षीय भाषणाला सहा.

त्या दिवशी विश्वशांतीला ब्याऐंशी आला.

सानिकाबाईंनी यंत्र तीनदा तपासलं. मग त्यांनी नोंदी मागे नेऊन पाहिल्या, तेव्हा दिसलं की हे जुळणं व्यासपीठाकडून आलंच नव्हतं. ते तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीपासून सुरू झालं होतं. आधी शेजारचा, मग पुढचे दोघे, मग रांगच्या रांग. पुढचे काही महिने त्या कापडणिसांच्या मागावर राहिल्या. ते जिथे बसतील तिथे असंच व्हायचं. सर्वसाधारण माणसाचा श्वास सतत बदलत असतो. मोबाइल थरथरतो, बायको काहीतरी म्हणते, वक्त्याचा राग येतो. कापडणिसांना कुणाचा राग येत नव्हता आणि काही वाटतही नव्हतं. त्यांचा श्वास वीस वर्षांच्या सरावाने एवढा संथ आणि सरळ झाला होता की आजूबाजूचे श्वास त्यावर घरंगळत जायचे. आणि एकदा सगळ्यांचा श्वास जुळला, की समोर जे काही चाललेलं असेल ते लोकांना थोर वाटायला लागायचं.

"काका, ऐकताना तुम्ही नक्की काय करता?" सानिकाबाईंनी घरी येऊन विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे ध्यान? प्राणायाम?"

"नाही हो. काहीच नाही."

"काहीतरी करत असतील," ज्योत्स्ना आतून म्हणाल्या. "घरी पण हेच उत्तर असतं."

शोधनिबंधात त्यांना 'बीज-श्रोता' म्हटलं होतं. नाशकात तो शब्द एक दिवस टिकला. भांडंभर दुधाला चमचाभर पुरतं, तेव्हा लोकांनी सरळ 'विरजण' म्हणायला सुरुवात केली.

हे एवढ्यावर थांबलं असतं, तर कापडणीस एका निबंधाच्या तळटीपेत सुखाने राहिले असते. पण नगर सांस्कृतिक प्राधिकरण नावाच्या नव्या मंडळाला त्याच सुमारास एक अडचण होती. अनुदान मागणाऱ्या संस्था अनेक आणि कुणाचा कार्यक्रम चांगला हे ठरवायचं तर कार्यक्रमाला जावं लागतं. एकतानांकामुळे ती गरज संपली. ज्याचा आकडा मोठा त्याला अनुदान. शहरातल्या सगळ्या सभागृहांत चकत्या बसल्या, आणि पंधरा दिवसांच्या आत गोदातीर सांस्कृतिक मंडळाचे कार्यवाह भालचंद्र निकुंभ नारळ घेऊन कापडणिसांच्या दारात उभे राहिले.

निकुंभ यांचं वैशिष्ट्य असं, की त्यांना नाही हा शब्द ऐकू यायचा नाही.

"कापडणीस साहेब, रविवारी यायचंय."

"रविवारी जरा घरी—"

"गाडी पाठवतो. वहिनी, चहा नको, घाईत आहे. बरं, अर्धा टाका."

नारळ ठेवला गेला. घरात आलेला नारळ परत कसा करायचा, हे कापडणिसांना माहीत नव्हतं. कुणालाच नसतं. पुढच्या वर्षभरात त्यांच्या घरी इतके नारळ आले की ज्योत्स्ना मुलांना क्लासवरून जाताना खाऊसारखा एकेक नारळ द्यायला लागल्या.

कापडणिसांची संध्याकाळ त्यांची राहिली नाही. कविसंमेलनं, एकांकिका स्पर्धा, नगरसेवकांचे वाढदिवस. शोकसभाही, कारण सभागृहातले सगळे एकदम हळहळले तर घरच्यांना बरं वाटतं. पत्रिकांवर खाली 'विरजण उपस्थित' असं छापलं जाऊ लागलं. ते कुठे बसलेत हे मात्र लोकांना कळून चालायचं नाही. सानिकाबाईंनी बजावलं होतं, की आपण कुणाचा तरी श्वास बघतोय हे लक्षात आलं की बघणाऱ्याचा स्वतःचा श्वास अडतो. त्यामुळे निकुंभ त्यांना माकडटोपी घालून मागच्या दाराने आत आणायचे. मे महिन्यातसुद्धा.

आणि उठता यायचं नाही. पूर्वी भाषण फार लांबलं तर कापडणीस हळूच बाहेर जाऊन पान खायचे. आता दाराशी मंडळाचे दोन कार्यकर्ते उभे असायचे. "काही हवंय का साहेब? लघवीला? मध्यंतरात जाऊ ना."

मिसळही बंद झाली. नाशकात राहून मिसळ बंद म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. एका रविवारी सकाळी त्यांनी दोन वाट्या जास्तीचा रस्सा घेतला, आणि दुपारी एका ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञाच्या शोकसभेत अडीचशे माणसं एकाच वेळी अस्वस्थ होऊन चुळबुळायला लागली. घरच्यांना वाटलं, मृत्युपत्राची बातमी फुटली. तेव्हापासून निकुंभ रोज दुपारी फोन करून जेवणात काय होतं ते विचारायचे.

"वांग्याची भाजी."

"वांगं? आज संतूर आहे हो! साहेब, जरा विचार करत जा दुसऱ्याचा."

कापडणीस कंटाळत होते. पण त्यांचा कंटाळा इतका संथ होता की त्याने एकतानांक वाढायचाच.

हे सगळं त्यांनी निभावून नेलं असतं. अडचण घरात झाली.

हा शोध जाहीर होण्याच्या काही महिने आधी कॉलेज रोडवरच्या एका संगीत मंडळाच्या छोट्या हॉलमध्ये ज्योत्स्नांनी अर्धा तास गायलं होतं. लग्नाआधी त्या चांगल्या गुरूकडे दहा वर्षं शिकलेल्या. नंतर संसार, मुलगी, क्लास. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी पुन्हा पहाटेचा रियाज धरला आणि ते अर्धा तासाचं गाणं त्यातून आलं. हॉलमध्ये चाचणी म्हणून चकत्या बसवलेल्या होत्या. आकडा आला एक्याण्णव. त्याच मंचावर आदल्या महिन्यात एका नावाजलेल्या गायकाला चोपन्न आला होता. ज्योत्स्नांनी तो आकडा छापलेला कागद टीव्हीच्या कपाटावर काचेखाली ठेवला. त्यानंतर काही महिने त्या स्वयंपाक करतानासुद्धा ताना घेत होत्या, आणि फोडणी जळाली तरी कुणावर ओरडल्या नाहीत.

मग शोध जाहीर झाला. कागद तेवढा काचेखालून गेला.

एका सोमवारी, कापडणिसांना चुकून मिळालेल्या मोकळ्या संध्याकाळी, क्लास सुटल्यावर त्या म्हणाल्या, "त्याच हॉलमध्ये बैठक ठरलीय माझी. पूर्ण. दीड तास."

"वा! कधी?"

"दोन महिन्यांनी, चौदा तारखेला. तुम्ही येऊ नका."

कापडणीस दाण्याच्या लाडवाचा घास घेत होते. तो तसाच राहिला.

"मी नको येऊ?"

"त्या दिवशीची दाद माझी होती का तुमची, एवढंच मला कळू द्या. बाकी काही नको. चाळीस आला तरी चालेल. वीस आला तरी. पण माझा."

"अगं, त्या दिवशी माझा काही संबंधच नव्हता."

"तिसऱ्या रांगेत कडेला कोण बसलं होतं?"

आता कापडणिसांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली, आणि ती निव्वळ प्रेमापोटी केली.

"बसलो होतो, पण झोपलो होतो मी. खरंच. पहिल्याच आलापाला डोळा लागला."

ज्योत्स्नांनी पेटीचा भाता बंद केला. खिट्टी लावली.

"पहिल्याच?"

"म्हणजे... तसं नाही..."

"पंचवीस वर्षांनी मी चार लोकांसमोर गायले, आणि तुम्ही पहिल्या आलापाला झोपलात."

कापडणीस झोपले नव्हते. वीस वर्षांत ते ज्या एकाच कार्यक्रमाला टक्क जागे होते, तो तो होता. डोळे मिटले होते, कारण त्यांना रडू येईल असं वाटत होतं आणि शेजारी ओळखीचे गृहस्थ होते. पण हे सांगावं, तर त्यांच्या हिशेबाने एक्याण्णव त्यांचा ठरत होता. न सांगावं, तर झोपलेला नवरा ठरत होता. दोन्हीकडून दार बंद, आणि बाहेर निकुंभ नारळ घेऊन उभे.

"शास्त्रज्ञ बाई म्हणते ना," ज्योत्स्ना म्हणाल्या, "झोपलेले असलात की तुमचा गुण आणखी चांगला लागतो. म्हणजे सगळा आकडा तुमच्या घोरण्याचा."

"घोरत नाही मी."

"ते मला सांगू नका."

तीन दिवस घरात फक्त अलंकार ऐकू आले.

चौथ्या दिवशी कापडणीस ऑफिसमधून थेट सानिकाबाईंच्या प्रयोगशाळेत गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतः होऊन कुठे गेले होते आणि तिथे खुर्ची नव्हती.

"हे घालवता येईल का? गोळी वगैरे?"

"काका, लोक हे मिळावं म्हणून माझ्याकडे येतात."

"त्यांना देऊन टाका."

सानिकाबाई हसल्या. चांगली मुलगी होती. आपल्या एका निबंधाने या माणसाला माकडटोपी घालावी लागते, याचं तिला वाईट वाटायचं.

"एक उपाय आहे. तुमचा परिणाम श्रोत्यांत बसलात तरच होतो. त्यांच्यात मिसळून, त्यांच्याच दिशेला तोंड करून. तुम्ही समोर, स्टेजवर बसलात की लोक तुम्हाला बघतात. बघायला लागले की संपलं. विरजण वेगळ्या वाटीत ठेवल्यासारखं होतं. दुधाला काही कळत नाही."

कापडणीस बसस्टॉपपर्यंत चालत गेले. तेवढ्या चालीत त्यांना आयुष्यातली पहिली युक्ती सुचली.

निकुंभांना ती फार आवडली. मुळात त्यांना खंतच होती, की ज्या माणसामुळे मंडळ तरलं त्याला आपण टोपी घालून कोपऱ्यात बसवतो. आपल्याकडे कुणाचा मान राखायचा म्हणजे त्याला व्यासपीठावर घ्यायचं, हे तर ठरलेलंच. "अध्यक्षच व्हा साहेब तुम्ही! मला आधी का नाही सुचलं!" शाल, श्रीफळ, फुलांचा तुरा. कापडणीस व्यासपीठावर मधोमध बसले, आणि एकतानांक नऊ आला.

कापडणिसांना वाटलं, सुटलो.

सगळ्यात शेवटी निवेदिकेने अध्यक्षीय समारोपासाठी त्यांचं नाव पुकारलं. ते उठले. बोलायचं काय, याचा त्यांनी विचार केलेला नव्हता. "सगळ्यांचं छान झालं," ते म्हणाले. "उशीर झालाय. धन्यवाद." आणि खाली बसले.

सभागृहात क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा त्या सभागृहाने कधी ऐकला नव्हता. मागची माणसं उभी राहिली. एक आजोबा डोळे पुसत होते. अध्यक्षाने दोन मिनिटांच्या आत भाषण संपवल्याचं नाशकात कुणाच्या आठवणीत नव्हतं.

महिन्याभरात कापडणीस शहरातले सगळ्यात मागणी असलेले अध्यक्ष झाले. अनुदान गेलं तरी चालेल, पण लोक येतात, असं संस्था म्हणायला लागल्या. श्रोता असताना निदान मध्यंतरात लघवीला जाता यायचं. अध्यक्षाला तेही नाही. दीपप्रज्वलनापासून पसायदानापर्यंत त्याने तिथेच बसायचं, पाय न हलवता, चेहऱ्यावर कौतुक ठेवून, चारशे माणसं बघत असताना. डुलकी तर विसराच.

पण एक गोष्ट त्यांच्या हाती लागली होती, आणि ती घेऊन ते एका सकाळी रियाज संपायची वाट बघत दाराशी उभे राहिले.

"चौदा तारखेला मागे तानपुऱ्यावर कोण आहे?"

"यंत्र लावणारेय," ज्योत्स्ना तुटकपणे म्हणाल्या. "मोबाइलवरचं."

"मी बसलो तर? स्टेजवर बसलो की माझा काही उपयोग होत नाही. सानिकाला विचार हवं तर. उपयोग नसलेला माणूस मागे बसला तर चालेल ना?"

ज्योत्स्नांनी मोबाइलवरचा तानपुरा बंद केला.

"कशाला?"

"ऐकायचंय मला."

"झोपायला चांगलं पडेल म्हणून?"

"झोपलो नव्हतो मी," कापडणीस म्हणाले. "त्या दिवशी. जागा होतो. सगळं ऐकलं. तुला आकडा तुझा वाटावा म्हणून तसं म्हणालो."

ज्योत्स्नांनी तानपुऱ्याची गवसणी काढली, त्यांना समोर बसवलं आणि तो त्यांच्या मांडीवर उभा करून दिला.

"मारवा गाणारेय. पंचम नाही त्यात, पहिली तार निषादाची. हे बोट इथे, मग या बोटाने या दोन तारा, मग ही शेवटची. तबल्याच्या मागे जायचं नाही. काही करायचं नाही. एका लयीत छेडत बसायचं."

"एवढंच?"

"एवढंच लोकांना जमत नाही."

सानिकाबाई यंत्र लावायला स्वतः यायला तयार झाल्या. त्यांनी प्रामाणिकपणे एक धोकाही सांगितला. "श्रोत्यांवर काकांचा परिणाम होणार नाही, याची खात्री देते. पण काकू, तुम्ही त्यांच्या इतक्या जवळ बसणार. तुमच्यावर होतो का, ते मी मोजलेलं नाही."

"तो सत्तावीस वर्षांपूर्वी होऊन गेला," ज्योत्स्ना म्हणाल्या. "त्याचं आता काही करता येणार नाही."

राहिले निकुंभ. ते तीन तारखेला आले.

"चौदाला आपला वर्धापनदिन. तुम्ही अध्यक्ष."

"नाही," कापडणीस म्हणाले.

निकुंभांनी नारळ टेबलावर ठेवला. कापडणिसांनी तो उचलला आणि परत त्यांच्या हातात दिला. खोलीतल्या मुलांनी अलंकार थांबवले. असं काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब, छापून झालंय."

"चौदाला माझ्या बायकोचं गाणं आहे. मी येणार नाही."

"अरे वा, वहिनींचं गाणं! मग प्रश्नच नाही, तुम्ही तिकडेच जायला हवं." निकुंभ मनापासून आनंदले. "नाव आपलं असू द्या. अध्यक्ष उशिरा येतात, लोकांना सवय आहे. 'निघालेत, येतच आहेत' म्हणत नऊपर्यंत रेटता येतं. अमुक साहेब तर एकदा आलेच नव्हते, कुणाच्या लक्षात पण आलं नाही."

ते नारळ घेऊन गेले. कापडणिसांना वाटलं, आपण जिंकलो. त्यांना जिंकण्याचा अनुभव नव्हता, त्यामुळे त्यांनी पुढचा विचार केला नाही. चार दिवसांनी गंगापूर रोडवर, कॉलेज रोडवर आणि संगीत मंडळाच्या हॉलच्या अगदी फाटकासमोर फलक लागले. 'गोदातीर वर्धापनदिन. चौदा तारीख, सायंकाळी सहा. अध्यक्ष: मा. कैलास कापडणीस.' खाली लाल अक्षरांत: 'अध्यक्षीय भाषण दोन मिनिटे.'

ज्योत्स्नांच्या बैठकीचा कागद त्याच फाटकाच्या खांबावर होता. त्यावर त्यांनी आग्रहाने एक ओळ घालून घेतली होती. 'ही मैफल विरजणाशिवाय.'

चौदा तारखेला पावणेसहाला कापडणीस तानपुरा मांडीवर घेऊन बसले. झब्बा नवा होता आणि मानेला टोचत होता. समोर दिवे, दिव्यांपलीकडे अर्धा अंधार. ज्योत्स्नांची त्यांना फक्त पाठ दिसत होती, अंबाड्यातला मोगरा आणि श्वास घेताना वर होणारे खांदे. सानिकाबाई मागच्या टेबलाशी पडदा लावून तयार होत्या.

ज्योत्स्नांनी निषाद लावला.

मारवा हा षड्जावर लवकर टेकू न देणारा राग. गाणारा घराभोवती फिरत राहतो, दारापर्यंत येतो आणि आत जात नाही. कापडणिसांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना फक्त असं वाटलं, की हिला घरी यायचंय आणि येता येत नाहीये, आणि आपण मागे बसून एकच दार उघडं धरून ठेवलंय. त्यांचं बोट तारेवरून फिरत राहिलं. एकदाही चुकलं नाही. विलंबितात एका जागी त्या कोमल रिषभावर इतका वेळ थांबल्या की तबलजीने मान वर करून बघितलं. मग जेव्हा त्या षड्जावर आल्या, तेव्हा कापडणिसांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्याने त्यांना ते पुसता आलं नाही. शेजारी ओळखीचं कुणी नव्हतं.

त्यांनी समोर बघितलं. दुसऱ्या रांगेत एका वयस्कर बाईने डोळे मिटले होते. मागे एका माणसाची मान पुढे झुकली होती. ते गाण्यात गेलेत की झोपेत, हे कापडणिसांनी ओळखायला हवं होतं. या विषयात त्यांच्याइतका अनुभव जगात कुणाला नव्हता. त्यांना ओळखता आलं नाही.

दीड तासाने भैरवी संपली. टाळ्या वाजल्या. जोरात वाजल्या की हळू, हे मंचावरून समजेना, कारण हॉलमध्ये आवाज घुमत होता. लोक उठले, दोघी-तिघींनी येऊन ज्योत्स्नांच्या पाया पडायचा प्रयत्न केला, एकाने नंबर घेतला. बाहेरून, तीन रस्ते पलीकडच्या सभागृहातून ध्वनिक्षेपक ऐकू येत होता. "अध्यक्ष महोदय निघालेले आहेत. कुणीही जागा सोडू नये."

ज्योत्स्ना मंचावरून उतरल्या नाहीत. हॉल रिकामा होईपर्यंत बसून राहिल्या. मग मागे न वळता त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"मला विचारू नकोस," कापडणीस म्हणाले. "माझा काय भरवसा."

त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी. मग उठल्या, पदर खोचला आणि सरळ मागच्या टेबलापाशी गेल्या. कापडणीस तानपुरा तसाच धरून मागोमाग गेले.

"सानिका, किती?"

सानिकाबाई पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी एक बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

"काकू, आकडा येणार नाही."

"बिघडलंय का?"

"नाही. यंत्र चांगलं आहे." सानिकाबाईंनी मान खाली घातली. "पंचवीसपेक्षा कमी श्रोते असले तर ते आकडा काढत नाही."

श्रोते एकोणीस होते, आणि त्यांत हॉलचा रखवालदार धरलेला होता.